जर्सी व्याली, सगळे कालवडच बघूलालेत

मंगळवार, रात्र. गोठ्यातलं आवरून आत्ताच आत आले.

काल रात्री आमची जर्सी गाय व्याली, कालवड झाली. आज दिवसभर जे कोण आलं ते कालवड बघूनच गेलं, तिच्या कपाळावरच्या टिळ्याचं कौतुक केलं आणि उंबऱ्यातनं बाहेर पडताना खरवस कधी म्हणून विचारलं. गाईच्या कासेकडं एक माणूस वाकून बघत नाही. मला हे पटतच नाही. कासदाह, म्हणजे कास सुजून दूध नासायचा रोग, धरायची भीती ह्याच दिवसांत सगळ्यात जास्त असते, दोन महिने आटवलेली कास एकदम भरते, दाब येऊन सडाचं तोंड सैल पडलेलं असतं, त्यात वारेची घाण, शेण, मूत सगळं खाली, आणि गाय दमून त्यातच बसणार. शिवाय आमच्या बेळगावकडच्या खानापूर बाजूला श्रावणात गोठा वाळतो कुठं? सकाळी पिंजर, म्हणजे भाताचं वाळलेलं गवत, खाली घातलं की दुपारपर्यंत ओलं. म्हणून कालपासनं चुना मारून दर वेळी पिंजर बदलूलागलोय, कितीही वाया गेलं तरी चालेल.

कास फुगलीय मात्र खरी. सूज पुढं बेंबीपर्यंत आलीय, ते बघून आत्या घाबरल्या, दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या उतरून टाकल्या पण. टाकूदेत, त्यांचा जीव आहे तिच्यावर. पण मी हात लावून बघितलं. बोट दाबलं की मळलेल्या पिठात रुतल्यागत खड्डा पडतो आणि हळूहळू भरून येतो, हाताला गरम लागत नाही, गाय पाय उचलत नाही, चाऱ्याला तोंड आहे. म्हणजे हे पाणी धरलंय. व्यायच्या टायमाला कासेकडं रक्त जास्त येतं, तेवढं परत फिरत नाही, मग कातडीखाली पाणी साठतं, पहिलारू गाईला तर जास्तच. कोमट पाण्यानं शेकून हलक्या हातानं वरच्या बाजूला चोळलं, दिवसात चार वेळा थोडी थोडी धार काढली की चार-आठ दिवसांत उतरतं. डॉक्टरांनी फोनवर हेच सांगितलं, केच्चलबावू (कानडीत कासदाह) वाटत नाही म्हणाले, मीठ कमी घाला आणि पहिल्या दिवशी सगळी कास मोकळी करू नका म्हणाले, कारण चिकातनं, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधातनं, कॅल्शियम जातं आणि गाय बसली तर उठत नाही. कान गार पडले, मान कुशीकडं वळवून बसली तर लगेच सांगा म्हणून बजावलं.

खरा कासदाह असला की बहुतेक वेळा एकच बाजू धरते. कासेचे चार कप्पे आतनं वेगळे असतात, एकाचं दूध दुसऱ्यात जात नाही, म्हणून चारी सड वेगवेगळे चाचपायचे आणि एकमेकाशी ताडून बघायचे. धरलेला भाग गरम, टणक, लालसर लागतो, हात लावला की गाय लाथ झाडते. आणि दूध तर सांगतंच. मी बाथरूमच्या कामातनं उरलेला काळ्या टाइलचा तुकडा गोठ्यात ठेवलाय, प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा त्यावर घ्यायच्या. खाली जमिनीवर नाही, तिथंच ती बसते. चीक घट्ट पिवळा असतो तो तसाच असायला पाहिजे, पण त्यात गाठी, चोथा दिसला किंवा दूध पाण्यासारखं फुटलेलं आलं तर वाट बघत बसायचं नाही.

आज मागच्या उजव्या सडातनं धार गुलाबी आली. माझ्या पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. गाठी नव्हत्या, तो भाग बाकीच्यांपेक्षा गरम पण नव्हता. ताप घेतला, १०१.६, म्हणजे गाईला नॉर्मल. व्याल्यावर बारक्या शिरा फुटून थोडं रक्त येतं आणि दोन-चार दिवसांत जातं हे मला माहीत आहे, तरी तो सड मी सगळ्यात शेवटी पिळला आणि हात साबणानं धुतला. कासदाह असला तर हातानंच एका सडातनं दुसऱ्यात जातो. गल्लीतल्या एका गाईचा सड असाच कायमचा गेला, आज बघू उद्या बघू करत. ती गाय अजून तीन सडांवर दूध देते, बघितलं की जीव तुटतो.

जांभळ्या औषधाची ती चार वाट्यांची टेस्ट असते ना, ती पण करणार आहे, पण आत्ता नाही. चिकावर ती उगीचच घट्ट होऊन रोग दाखवते, चार-पाच दिवस जाऊदेत. आतल्या आत असलेला कासदाह, ज्यात दूध साफ दिसतं आणि फक्त कमी होतं, तो तसल्या टेस्टनंच सापडतो.

धार झाली की चारी सड आयोडिनच्या औषधात बुडवते आणि लगेच पुढ्यात हिरवी वैरण टाकते. सडाचं तोंड मिटायला अर्धा-एक तास लागतो, तेवढा वेळ ती उभी राहिली पाहिजे. आमचे हे म्हणतात, रात्री एवढं कुठं बसतीस. बसते!

खरवसावरनं मात्र आत्यांचं आणि माझं झालं. "चार घरी द्यायला पाहिजे गे, रीत आहे," म्हणाल्या. मी म्हटलं आत्या, द्या की, पण आधी कालवडीचं पोट. पंचवीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी अडीच लिटर तरी चीक पाहिजे, तो पण पहिल्या काही तासांत, चोवीस तासांनंतर तिच्या आतड्यातनं चिकातली रोग अडवायची ताकद अंगात जातच नाही. कालवडीला मी तासाभरात पाजला. आणि गुलाबी धारेचा चीक खरवसाला घ्यायचा नाही एवढं आत्यांनी पण मान्य केलं.

उद्या पहाटे परत टाइल, परत थर्मामीटर. ताप १०३ च्या वर गेला किंवा तो सड गरम लागला तर जनावरांच्या डॉक्टरांच्या १९६२ नंबरला फोन करायचा, गाडी घरी येते. नंबर खडूनं गोठ्याच्या दारावर लिहून ठेवलाय, मी घरात नसले तर आत्या लावतील.