काटकसरीची वही, महिना नववा: गरम पाणी, ठिबकणारा नळ आणि तासांची उधारी

मंडळी, मागची नोंद लिहून दोन महिने झाले. मध्ये गप्प बसले, कारण वहीत सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. त्यातलं थोडं मिरवण्यासारखं आहे, थोडं झाकून ठेवावंसं वाटणारं.

नव्यांसाठी एवढंच, की माझ्या वहीच्या डाव्या पानावर टाळलेला खर्च असतो आणि उजव्या पानावर अदलाबदल. डाव्या पानाचा नियम कडक आहे: जे एरवी नक्की घेतलंच असतं, तेच तिथे चढतं. दुकानात एखादी वस्तू उचलून पाहिली आणि परत ठेवली, तर ती बचत नव्हे. पहिले तीन महिने मी असल्या नोंदीही करत होते. वहीत गडगंज श्रीमंत झाले, घरातला डबा मात्र होता तेवढाच राहिला. ती पानं आता खोडली आहेत.

वीज

या खेपेला सगळ्यात जास्त मजा इथे आली. एका मैत्रिणीकडे प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर आहे. तो दहा दिवसांसाठी मागून आणला, बदल्यात तिच्या दोन पँटी उंचीला कमी करून दिल्या. टीव्हीच्या कपाटातली सगळी यंत्रं 'बंद' करून एक्स्टेंशन बोर्ड मीटरवर घेतला, तर आकडा 11 वॅट. म्हणजे कुणी बघत नसतानाही दिवसाला पाव युनिटाहून थोडं जास्त, वर्षाला 96 युनिट. आता रात्री बोर्डाचं बटणच बंद होतं. घड्याळ दाखवणारा एक डबा रोज सकाळी वेळ विसरतो, त्याला माझा इलाज नाही.

उरलेले दोन जुने 60 वॅटचे दिवे काढून 9 वॅटचे एलईडी लावले. दिवसाला पाच तास धरले, तर एका दिव्यामागे महिन्याला साडेसात युनिट वाचतात. हे काम पहिल्याच महिन्यात व्हायला हवं होतं. 'चालतोय तोवर चालू दे' म्हणत मी ते टाळलं. पण असा दिवा चालू ठेवण्यात काटकसर कसली, तो रोज थोडं थोडं खातच असतो.

पण खरा खादाड निघाला तो पाणी तापवायचा बॉयलर. हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण 4.2 किलोज्यूल लागतात आणि एक युनिट म्हणजे 3600 किलोज्यूल. तेव्हा 15 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला जेमतेम 0.44 युनिट. हे आकडे मला आधीपासून पाठ होते, तरी बिल त्यापेक्षा बरंच जास्त येत होतं. मग लक्षात आलं, की आमच्या घरात बॉयलरचं बटण सकाळी लागतं आणि रात्री कुणाला आठवलं तर बंद होतं. मधल्या वेळात टाकीतलं पाणी गार होत राहतं, यंत्र ते पुन्हा तापवत राहतं.

वॅटमीटर एवढा भार झेलणारा नव्हता, म्हणून दुसरी युक्ती केली. आम्ही दोन दिवस बाहेर जाणार होतो. वरच्या मजल्यावरची मुलगी झाडांना पाणी घालायला येणारच होती. तिला सांगितलं, पहिला दिवस बॉयलर चालू ठेव, दुसरा दिवस बंद, आणि तिन्ही वेळा ठरल्या तासाला घराच्या मीटरचा आकडा लिही. फ्रिज दोन्ही दिवस चालू, बाकी सगळं बंद. दोन दिवसांत फरक आला 1.1 युनिटचा. एक थेंब पाणी न वापरता! पोरीने आकड्यांखाली लाल रेघ मारून 'काकू, हे बघा' असं लिहून ठेवलं होतं. तिच्या खात्यावर एक तास जमा केला, त्याचं पुढे येतंच.

आता बॉयलर आंघोळीआधी वीस मिनिटं लागतो आणि आंघोळ झाली की बंद. भिंतीवर बटणाशेजारी चिठ्ठी चिकटवली आहे. घरच्यांनी तिची थट्टा करून झाली, आता निमूट पाळतात.

फ्रिजचं थोडक्यात: दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहा. सहज सुटून आला तर तिथून गारवा जातोय. माझा खालच्या कोपऱ्यात सुटत होता. कोमट साबणपाण्याने रबर पुसलं, खाचेत बसलेली घाण काढली, आता कागद अडकतो. खर्च शून्य.

नळ

न्हाणीघरातला नळ ठिबकत होता. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण साठवण्यासाठी वापरतो, इथे तळं मोरीत साचत होतं. रात्री दहाला खाली पातेलं ठेवलं, सकाळी सहाला मापाच्या भांड्यात ओतून पाहिलं तर दीड लिटर. आठ तासांत दीड, म्हणजे दिवसाला साडेचार, महिन्याला 135 लिटर. वायसर बदलायला पंधरा मिनिटं लागली, त्यातली दहा पान्हा शोधण्यात गेली. त्याआधी वर्षभर मी तो आवाज ऐकत झोपत होते, हे इथे कबूल करते.

फसलेलं

मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून चिकटपट्ट्या-पुठ्ठ्याच्या कामासाठी डिंकाची भलीमोठी बाटली घेतली. तिसऱ्या महिन्यात अर्धी घट्ट झाली. वर तो डिंक काढायला वेगळा ब्रश, ब्रश धुवायला वेगळं द्रावण. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आता मोठं पाकीट घेताना एकच प्रश्न विचारते: हे खराब व्हायच्या आत आपल्याच्याने संपेल का? दर मापाला काय पडतो हा प्रश्न त्यानंतरचा.

अदलाबदल

आता उजवं पान. इथेच मी तोंडघशी पडले.

शेजारच्या वहिनींना चार पडदे शिवून हवे होते. माझ्या कपाटाचं दार बिजागरीतून लटकत होतं आणि भाऊजींचा हात सुतारकामात चांगला. ठरलं: पडदे इकडून, दार तिकडून. कापड मोजणं, किनार दुमडणं, वरच्या पट्टीत कड्या बसवणं, सगळं धरून माझे साडेसहा तास गेले. भाऊजी रविवारी आले, जुनं भोक काडीपेटीच्या काड्या आणि डिंकाने (त्याच डिंकाने!) बुजवलं, वाळू दिलं, स्क्रू पुन्हा पिळला. चहा धरून वीस मिनिटं.

मी काही बोलले नाही, पण चेहरा बोलला असावा. संध्याकाळी वहिनी आल्या. म्हणाल्या, "अगं, वीस मिनिटांत झालं ते, पण वीस वर्षं शिकलेत ते." मी म्हटलं, "शिवण मीही काल शिकले नाही, वहिनी." दोघी हसलो, पण तो विषय आठवडाभर जिन्यात घुटमळत राहिला.

या अडचणीवर माणसं फार आधीपासून डोकं फोडत आली आहेत. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1875 मध्येच लिहून ठेवलं, की अदलाबदलीत दोघांच्या गरजा एकाच वेळी एकमेकांशी जुळाव्या लागतात, आणि तसं क्वचितच होतं. दुसरी भानगड भावाची. दहा प्रकारच्या वस्तू किंवा कामं असतील तर प्रत्येक जोडीचा भाव वेगळा, म्हणजे 45 भाव. वीस असतील तर 190. आमच्या सात घरांत मिळून कामांचे प्रकार वीसच्या वर जातात. एवढे भाव जिन्यात उभं राहून कोण ठरवणार?

यावर दोन जुने तोडगे आहेत. कॅनडातल्या कोमॉक्स खोऱ्यात मायकल लिंटन यांनी 1983 मध्ये अशी पद्धत सुरू केली, की प्रत्येकाचं एक खातं. काम केलं की जमा, घेतलं की नावे (म्हणजे उधारी). ज्याच्याकडून घेतलं त्यालाच फेडायचं बंधन नाही. आणि अमेरिकेत एडगर कान यांनी 1980च्या दशकात एकच माप धरलं: कुणाचाही एक तास म्हणजे एक तास. मग तो वकिलाचा असो की बाग झाडणाऱ्याचा.

आम्ही दोन्हींची खिचडी केली. सात घरं, एक वही, माप तासाचं. जायचा-यायचा आणि अवजारं मांडायचा वेळ धरायचा. अर्ध्या तासाहून कमी कामही अर्धा तासच लिहायचं (हे कलम भाऊजींच्या वीस मिनिटांमुळे आलं). दोरा, खिळे, रंग ज्याच्या घरचं काम त्याने आणायचे. दहा तासांच्या वर उधारी नाही.

वकिलाचा आणि झाडणाऱ्याचा तास सारखा हे मनापासून पटलंय का? अजून पूर्ण नाही. पण भाव ठरवण्यात जे मन खट्टू होतं, ते तरी वाचलं.

महिनाअखेरची वही अशी: जमेकडे साडेसहा, तीन, एक, एक घर शून्यावर, नावे दोन, अडीच, सहा. बेरीज शून्य यायलाच हवी, तशी आली. सहा तास नावे आहेत त्या घरात तान्हं बाळ आहे, तेव्हा कुणाचीच तक्रार नाही.

साडेसहा जमा माझे. आधी छाती फुगली, मग वहिनींनीच टाचणी लावली: "जमा आहेत म्हणजे तू फुकट राबलीस. घे की काहीतरी!" खरंच की. त्या तासांनी माझा एकही खर्च टळलेला नाही, डाव्या पानावर त्यांची ओळच नाही. पैसे साठवायच्या सवयीने मी तासही साठवत बसले होते.

म्हणून या महिन्यात तास खर्च करायचे ठरवलं आहे. खिडक्यांच्या चौकटींना रंग द्यायचा आहे, बाहेरून माणूस बोलावणार होते. तीन तासांची मागणी वहीत लिहून वही खालच्या मजल्यावर पाठवली. दुपारी परत आली, माझ्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलेलं: 'रविवारी येतो. आधी पोराच्या दप्तराची चेन बघाल का?'