ते होमरसाठी रडत नाहीत

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. व्याख्यान संपल्यावर, लग्नाच्या पंगतीत, फोनवर, मिळेल तिथे विचारलंत. सूर कधी कुतूहलाचा, कधी कीव केल्याचा. प्रश्न मात्र तोच. हे आधुनिक ग्रीक लेखक सारखे मागे वळून का बघतात? होमर होऊन गेला, सॉफक्लीज होऊन गेला, त्या वैभवाचं रडगाणं आता किती दिवस? आणि तुम्हाला त्यात एवढं काय गवसलं?

आजवर मी तुटक उत्तरं देऊन सुटका करून घेतली. खरं उत्तर द्यायचं तर मामांबद्दल बोलावं लागतं, आणि ते मी टाळत आले. आज टाळत नाही. पण आधी तुमचा गैरसमज दूर करू दे.

ते होमरसाठी रडत नाहीत. इलियडच्या दुसऱ्या सर्गात ट्रॉयवर चालून गेलेल्या जहाजांची लांबलचक यादी आहे. तीत एका गावाचा उल्लेख येतो: 'आणि असिनी'. बस्स. त्या गावच्या राजाचं नावसुद्धा होमरने दिलेलं नाही. आधुनिक ग्रीक कवी योर्गोस सेफेरिस १९३८ च्या उन्हाळ्यात त्या असिनीच्या पडक्या गडावर गेला आणि १९४० च्या जानेवारीत त्याने 'असिनीचा राजा' ही कविता पुरी केली. सकाळभर गडाभोवती फिरूनही राजा सापडत नाही. दिसतो तो मृताच्या चेहऱ्यावरचा सोन्याचा मुखवटा, आणि मुखवट्याखाली पोकळी. ज्या संस्कृतीचा जगभर एवढा गाजावाजा, तिच्या राजाला शोधायला निघायचं आणि हाताला पोकळी लागली असं लिहायचं, याला छाती लागते. १९६३ मध्ये ग्रीसला साहित्याचं पहिलं नोबेल मिळालं ते या माणसामुळे. त्याला रडगाणं म्हणणाऱ्यांनी ही कविता एकदा तरी वाचावी.

सेफेरिसला पोकळी पुस्तकातून कळलेली नव्हती. तो १९०० साली स्मर्नाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्मिरच्या, परिसरात जन्मला. चौदाव्या वर्षी कुटुंबाबरोबर अथेन्सला गेला. १९२२ च्या सप्टेंबरात, ग्रीक-तुर्क युद्धाच्या शेवटी, स्मर्ना जळालं तेव्हा तो पॅरिसमध्ये शिकत होता. परत जायला गावच उरलं नाही. ३० जानेवारी १९२३ ला लोझानमध्ये करार झाला आणि ग्रीस व तुर्कस्तानने माणसांची अदलाबदल केली, तीही सक्तीने. सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, साडेतीन-चार लाख मुसलमान तिकडे गेले. कोण कुठला, हे ठरलं धर्मावरून. भाषा कोणी विचारली नाही. त्यामुळे अनातोलियातले, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातले, तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये येऊन पडले, आणि क्रीटमधले ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात. यांतली बरीच क्रीटची कुटुंबं तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या ज्या आयवालीत वसवली गेली, तिथूनच पुढे लेखक झालेल्या अठरा वर्षांच्या इलियास वेनेझिसला तुर्कांनी श्रमतुकडीत हाकून नेलं होतं. त्याच्या पुस्तकाचं नाव '३१३२८', म्हणजे त्याचा कैदी क्रमांक. तीन हजारांतले तेवीस जिवंत परतले, असं तो लिहितो.

मागे बघणं म्हणता ते हे आहे. पेरिक्लीजचं अथेन्स यात कुठेही नाही. आजीच्या तोंडून ऐकलेली विहीर आहे, शेजाऱ्याचं नाव आहे, कुलूप लावून आलेलं घर आहे.

'त्यांना वर्तमान नाही का' असंही विचारता. मे १९३६ मध्ये थेस्सालोनिकीत तंबाखू कामगारांच्या संपावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. रस्त्यात पडलेल्या मुलापाशी बसून आक्रोश करणाऱ्या आईचं छायाचित्र वर्तमानपत्रात आलं. ते पाहून कवी यान्निस रित्सोसने 'एपिताफिओस' लिहिलं. त्याने हाताशी धरलं काय? खेड्यापाड्यांतल्या शोकगीतांचं पंधरा अक्षरांचं वृत्त, आणि गुड फ्रायडेला चर्चमध्ये गायला जाणारा मरियेचा विलाप. संपातल्या कामगाराची आई त्या जुन्या चालीत रडली, म्हणून ती सगळ्यांची झाली. ऑगस्टमध्ये मेताक्सासची हुकूमशाही आली आणि अथेन्समध्ये झ्यूसच्या देवळाच्या खांबांपाशी या पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या. सत्तेला बरोबर कळलं होतं की ही कविता आजची आहे. पुढे संगीतकार मिकिस थिओदोराकिसने तिला चाली लावल्या, तेव्हा ज्यांनी पुस्तक हातातही धरलं नव्हतं अशांच्या ओठांवर ती गेली.

इथपर्यंतचं मी तुम्हाला कधीही, कुठेही सांगू शकते. पुढचं अवघड आहे.

माझं आजोळ तंजावरचं. व्यंकोजी राजांच्या काळापासून तिथे राहिलेल्या मराठी घरांपैकी एक. आईचं लग्न पुण्यात झालं. तिचे भाऊ तिकडेच राहिले. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, कचेरीत इंग्रजी असं त्यांचं आयुष्य. त्यांची मराठी तमिळ वळणाची, मध्येच कुठेतरी बखरीतला शब्द चमकून जाणारी. लहानपणी सुट्टीत आम्ही भावंडं त्या मराठीला हसायचो. मोठेपणी मी तिच्यावर जीव टाकू लागले. दोन्ही गोष्टी मामांना दिसत होत्या, हे मला फार उशिरा सुचलं.

थोरल्या मामांच्या ऐंशीच्या सोहळ्याला सगळे तंजावरला जमलो होतो. संध्याकाळी भजन झालं. मामांनी स्वतः एक अभंग म्हटला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पुण्याची. काहीतरी मराठीत वाच." माझ्या पिशवीत ग्रीक कवी कवाफीच्या अनुवादांची वही होती. 'इथाका' त्यात होती, जी कोणत्याही समारंभात शोभते. मी 'पोसिडोनियावासी' वाचली.

ती कविता अशी: दक्षिण इटलीतल्या पोसिडोनियाचे ग्रीक शतकानुशतकं परक्यांत राहून त्यांच्यात मिसळून गेले आहेत. भाषा विसरली आहे. वाडवडिलांचा म्हणून एकच सण उरला आहे, त्यात वाद्यं आहेत, स्पर्धा आहेत, फुलांच्या माळा आहेत. सण सरत आला की ते जुन्या चालीरीती एकमेकांना सांगतात आणि फारच थोड्यांना कळतील अशी ग्रीक नावं उच्चारतात. सणाचा शेवट दरवेळी उदास होतो, कारण त्यांना आठवतं की आपणही कधी काळी ग्रीक होतो, आणि आता आपण काय होऊन बसलो.

मामींनी "छान" म्हटलं. मुलं केव्हाच उठून गेली होती. मामा म्हणाले, "शेवटी ते उदास होतात?"

मी म्हटलं, "हो."

"आम्ही नाही होत. सण झाला की आम्ही पोटभर जेवतो, पान खातो, झोपतो." सगळे हसले. तेही हसले. मग हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "तुला आमची मराठी अशी दिसते?"

मी घाईघाईने समजावू लागले. कवाफी स्वतःच तसा होता, मामा. अलेक्झांड्रियात जन्मला, बालपणातली काही वर्षं इंग्लंडमध्ये गेली, इंग्रजी अंमलाखालच्या पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, ग्रीसमध्ये कधी राहिला नाही. त्याच्या कवितेतले ग्रीक सगळे काठावरचे आहेत, अँटिऑकचे, अलेक्झांड्रियाचे, सीरियातले. तो त्यांना हसत नाही. तो त्यांच्यातलाच आहे. मामांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कॉफी झाली का असं विचारलं, ते इंग्रजीत. मला वाटलं सहज. दुपारी पुन्हा इंग्रजी. निघताना आशीर्वाद दिला तोही इंग्रजीत. त्यानंतर ते गेले तोवर माझ्याशी एक वाक्य मराठीत बोलले नाहीत. आईशी फोनवर तासभर त्याच गोड मराठीत बोलायचे. आईने फोन माझ्याकडे दिला की स्वच्छ, सुरेख इंग्रजी सुरू. राग नव्हता. चौकशी तीच, माया तीच. फक्त ती भाषा माझ्यासमोर त्यांनी मिटून घेतली. आईने एकदा त्यांना कारण विचारलं, तर म्हणाले, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

तुम्ही म्हणाल, मग ती कविता वाचायचीच कशाला? मी वाईट हेतूने वाचली नव्हती. जगातल्या एका मोठ्या कवीने तुमच्यासारख्यांबद्दल इतक्या आस्थेने लिहिलंय, हे मला त्यांना दाखवायचं होतं. पण वही उघडताना कुठलं पान उघडते आहे हे मला ठाऊक होतं, हेही तितकंच खरं. मला ती कविता त्या घरात, त्या आवाजांच्या मध्ये ऐकायची होती. आणि कवाफीने १९०६ मध्ये लिहिलेली ही कविता स्वतःच्या हयातीत छापली नव्हती, हेही मला माहीत होतं. का छापली नाही ते त्याचं त्याला. त्याने खणात ठेवली आणि मी भरल्या घरात वाचून दाखवली.

मामांच्या त्या एका वाक्याने माझं ग्रीक वाचन उलटंपालटं झालं. मी ती कविता पुन्हा वाचली तेव्हा दिसलं की तीत पोसिडोनियावासी स्वतः एक शब्दही बोलत नाहीत. ते उदास होतात असं दुसरंच कोणी सांगतं. कवाफीला ती हकिकत मिळाली अथिनिअस या प्राचीन ग्रीक लेखकाच्या ग्रंथात, म्हणजे तीही ऐकीव. त्या सणाला त्यांनी काय खाल्लं, कोण कोणावर भाळलं, कोणाला काय आठवलं, हे त्यांच्या तोंडून कोणी घेतलेलंच नाही. तेव्हापासून मी ग्रीक साहित्यात बोलणारा कोण आहे ते आधी बघते. दिदो सोतिरिऊची १९६२ मधली अनातोलियावरची कादंबरी मला म्हणून इतकी जवळची. तिचा मानोलिस शेतकरी आहे आणि सगळं स्वतः सांगतो. स्वतः कोणाला मारलं तेही. शेवटी तो मागे सोडलेल्या मातीला, तिथल्या तुर्की ओळखीच्यांना निरोप धाडतो, आणि ज्यांनी हे घडवलं त्यांना शाप देतो. अथेन्समध्ये मेल्पो मेर्लिएने उभ्या केलेल्या आशिया मायनर (म्हणजे अनातोलिया) अभ्यास केंद्राने हजारो निर्वासितांना समोर बसवून त्यांच्या गावांच्या हकिकती त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतल्या. ते मी वाचते तेव्हा मामा बाजूला बसलेले असतात.

पूर्वी मी ठासून सांगायचे की साहित्य आठवण जपतं म्हणून माणसं टिकतात. त्या ठाम बाईशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. मी तिला मामांचं जेवण, पान आणि झोप सांगते. ती मला थेस्सालोनिकी दाखवते. त्या शहरात पन्नासेक हजार ज्यू होते, स्पेनमधून हाकललेल्यांची, लादिनो ही त्यांची जुनी स्पॅनिश बोलणारी वस्ती. शहर नाझींच्या ताब्यात असताना डिसेंबर १९४२ मध्ये त्यांची दफनभूमी उखडायला घेतली, मार्च १९४३ पासून त्यांना गाड्यांतून आउश्वित्झला नेलं. जवळजवळ कोणीच परत आलं नाही. दफनभूमीच्या जागेवर आज विद्यापीठ उभं आहे. तिथे स्वतःच्या तोंडाने सांगणार कोण? योर्गोस इओआन्नू लिहितो, जो त्या वेळी त्याच शहरातला एक ख्रिस्ती निर्वासितांचा मुलगा होता. आपल्या शेजारच्यांबद्दल, त्यांच्या रिकाम्या घरांबद्दल. परक्याने सांगितलेलं आहे म्हणून ते मी नाकारू? मग उरतं काय? ठाम बाई इथे जिंकते. तरी तंजावरच्या दिवाणखान्यात ती हरली होती, आणि त्याचंही काही करता येत नाही.

कवाफीची आणखी एक कविता आहे, तीही त्याने न छापलेली, १९२० ची. 'नाणी'. भारतात राज्य केलेल्या ग्रीक राजांची भारतीय लिपीतली विचित्र झालेली नावं एका ग्रंथात तो वाचतो, आणि मग नाण्याच्या दुसऱ्या बाजूला ग्रीक अक्षरांत तीच नावं दिसतात तेव्हा ग्रीक वाचक कसा थबकतो, ते सांगतो. त्यातलं एक नाव मिनँडर. आपला मिलिंद, ज्याचं नाव आपल्याकडे घरोघरी मुलांना ठेवतात. हे वाचून मी कार्ल्याला गेले. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकटा या गावाहून आलेल्या, स्वतःला यवन (त्या काळी ग्रीकांसाठीचा शब्द) म्हणवणाऱ्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, आणि ती नावं इथलीच आहेत: सिंहधैर्य, धर्म. खांब दिला, नाव कोरलं. उदास झाल्याची नोंद नाही. मामांना हे सांगायला हवं होतं. तेव्हा ते नव्हते.

मागच्या दिवाळीत मामेबहिणीचा निरोप आला. तिच्या मुलाला महाविद्यालयात काहीतरी वाचायचं आहे, बाबांच्या ऐंशीला तू वाचलेली ती ग्रीक कविता पाठव. मी 'नाणी' पाठवली, वर कार्ल्याबद्दल चार ओळी लिहिल्या. तासाभरात तिचं उत्तर आलं: ही छान आहे, पण ही नव्हे, ती दुसरी. बाबा नंतर कितीतरी वेळा तिच्याबद्दल बोलायचे. काय बोलायचे, ते तिने लिहिलेलं नाही. मी विचारलेलं नाही, आणि कविताही अजून पाठवलेली नाही.