पाठकोरं

दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळवणाऱ्या घरात मी वाढलो. आजीकडे किराण्याच्या पुड्यांचा दोरा गुंडाळायला वेगळं रीळ होतं. त्यामुळे मलाही काही टाकवत नाही. लेक विचारते, "बाबा, भंगारवाल्याशी तुमचं काय वाकडं आहे?"

परवा दुपारी तिचं बायोलॉजीचं पुस्तक चाळताना असिटिलकोलीन, म्हणजे मज्जापेशींचे निरोप पोचवणारं रसायन, भेटलं आणि मला हुरूपच आला. मेंदूतली पेशी कोलीनला असिटिलचा तुकडा जोडते, असे हजारो रेणू एकेका इवल्याशा पिशवीत भरून ठेवते आणि इशारा आला की बाहेर ओतते. निरोप पोचला, की एक एन्झाइम मिलिसेकंदाच्या आत त्या रेणूचे दोन तुकडे करतं. असिटेट जातं वाहून. कोलीन मात्र बरंचसं परत आत ओढून घेतलं जातं, कारण शरीर ते स्वतः थोडंच बनवतं. बाकीचं अंड्याच्या बलकातून, सोयाबीनमधून यावं लागतं. आणि रिकामी पिशवीसुद्धा टाकत नाहीत बरं का! तीही आत घेऊन पुन्हा भरतात. लेकीला हे मोठ्याने वाचून दाखवलं. तिने हेडफोन लावले.

हे रसायन पकडलं ऑटो लोवी यांनी, १९२१च्या सुमारास, ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये. बेडकांच्या दोन हृदयांचा प्रयोग त्यांना झोपेत सुचला. रात्रीच चिठोऱ्यावर खरडला, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच पुन्हा सुचलं, तेव्हा उठून थेट प्रयोगशाळेत गेले. चिठोरा पाठकोरा असणार, अशी माझी आपली समजूत.

शेवटी आजीला डोनेपेझिल, म्हणजे स्मृतिभ्रंशावरची गोळी, चालू होतं. ती गोळी नवं काही बनवत नाही, त्या एन्झाइमला आवरते. उरलंसुरलं जरा जास्त वेळ पुरतं. तरी ती मला तिचा धाकटा भाऊ समजायची. दोरा मात्र हातात दिला की बरोबर रिळावर.

कपाशीवर फवारायची ऑर्गनोफॉस्फेट औषधं याच एन्झाइमला कायमचं जखडतात. मग असिटिलकोलीन साचत जातं. घाम, लाळ, डोळ्यांच्या टाचणीएवढ्या बाहुल्या, अडकणारा श्वास. २०१७मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेकडो जण दवाखान्यात गेले, वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. वापरात या गटातली औषधंही होती. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीला गेली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. यावर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन आहे. पण शेतातून तालुक्याला जायला आधी गाडी मिळायला हवी.