सातवी-आठवीला शेअर बाजार शिकवताना: माझा अनुभव

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात सातवी-आठवीला गणित शिकवते. नफा-तोटा आणि सरळव्याज झालं की त्याला जोडून शेअर बाजारही शिकवायचा, असं ठरवलं. मुख्याध्यापकांनी एकच अट घातली: आधी पालकांना विचारा. पालकसभेत पहिलाच प्रश्न आला, "बाई, पोरांना जुगार शिकवणार काय?"

प्रश्न रास्तच होता. गावोगावी तरुण पोरं मोबाईलवर ऑप्शन खेळतात, म्हणजे भाव चढेल की पडेल यावर सौदे लावतात, आणि घरच्यांना ते कळतं कर्ज झाल्यावर. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेला अभ्यास मी सभेत वाचून दाखवला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावरच्या अशा सौद्यांत, उतरलेल्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्क्यांचं नुकसान झालं. म्हटलं, अठरा पूर्ण झाली की मुलं ती ॲप उघडणारच आहेत. शेअर म्हणजे काय, एवढं तरी त्याआधी कळू दे. परवानगी मिळाली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक तास.

शेअरच्या भावापासून सुरुवात करायची नाही, हे मनाशी पक्कं होतं. वर्गात विचारलं, कुणाच्या घरी शेअर आहे? भराभर हात वर झाले. आमचा ऊसपट्टा; सहकारी साखर कारखान्याचा शेअर घरोघरी. सभासदाला दिवाळीला सवलतीत साखर मिळते, हे पोरांना पाठ. "मग कारखाना तुमचा आहे का?" यावर जरा शांतता पसरली. मग एक मुलगी म्हणाली, "आजोबांचा आहे, थोडासा." याहून नेमकी व्याख्या मला सुचली नसती, तीच फळ्यावर लिहिली.

पुढचा फरकही त्यातूनच निघाला. सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. कंपनीत जितके शेअर तितकी मतं. कारखान्याचा शेअर बाजारात विकता येत नाही. बाजारात नोंदलेल्या कंपनीचा सोमवार ते शुक्रवार, सव्वानऊ ते साडेतीन, विकता येतो.

मग घरातल्या वस्तू कोणत्या कंपन्यांच्या, याची यादी करायला सांगितली. पार्ले-जीचा शेअर घेऊ म्हणणारे पुष्कळ होते. ती कंपनी बाजारात नाही, अमूल सहकारी आहे आणि एसटी महामंडळाची, हे कळल्यावर मुलं हिरमुसली; पण ब्रिटानिया, कोलगेट, महिंद्राचा ट्रॅक्टर बाजारात सापडले.

सगळ्यात जास्त शिकवलं ते भेळेच्या स्टॉलने. शाळेच्या बालआनंद मेळाव्यात आठवीने कंपनी काढली. १० रुपयांचा एक असे ४० शेअर वर्गातच विकले, ४०० रुपये उभे राहिले. चुरमुरे, फरसाण, कांदा, चिंच-गूळ यांत ते सगळे गेले. विक्री झाली ६४० रुपयांची. नफा २४०, म्हणजे शेअरमागे ६ रुपये. सगळा वाटून टाकायचा की थोडा पुढच्या मेळाव्यासाठी ठेवायचा, यावर खरोखरीची सभा झाली, मतदान झालं. ४ रुपये लाभांश वाटला, २ रुपये कंपनीत ठेवले. दुसऱ्याच दिवशी एक मुलगा मित्राचा १० रुपयांचा शेअर १५ ला मागू लागला आणि मित्र २० वर अडून बसला! बाजारभाव मला वेगळा शिकवावाच लागला नाही.

पडझड शिकवायला २०२० चा सेन्सेक्स घेतला, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला निर्देशांक. प्रत्येकाकडे कागदावरचे १०,००० रुपये आणि मी आलेख थोडा थोडा उघडत जायचा. जानेवारीत निर्देशांक ४२,००० च्या आसपास. २३ मार्चला २५,९८१. तिथे बहुतेकांनी "विका, विका" केलं. डिसेंबर अखेरीस ४७,७५१ दिसलं तेव्हा वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला.

पण एवढ्यावर थांबणं मला घातक वाटतं. पडलेलं सगळं वर येतंच, अशी समजूत होते. म्हणून लगेच जेट एअरवेज सांगितली. एप्रिल २०१९ मध्ये विमानं थांबली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवायचा आदेश दिला. अशा वेळी भागधारकाचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो. निर्देशांकात ३० कंपन्या असतात आणि त्यांतल्या काही वेळोवेळी बदलतात, म्हणून त्याचं चित्र वेगळं दिसतं, हे समजायला आणखी एक शनिवार गेला.

आता काही पालक मुलाच्या नावाने डिमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, काढायचं का विचारतात. काढता येतं: मुलाचं पॅन कार्ड लागतं, व्यवहार पालकच करतात आणि इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) किंवा ऑप्शनला परवानगी नसते. कोणता शेअर घ्यायचा, हे मात्र मी कुणालाही सांगत नाही. यंदा सहावीलाही हा तास सुरू करतेय, पण त्यांना फक्त मालकी आणि लाभांश, आलेख आठवीत.