रिकामं कॅलेंडर आणि मागची खोली

२४ फेब्रुवारी २०२६, मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज पण एक बुकिंग नाही. साताऱ्यातल्या आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही अ‍ॅपवरनं पाव्हण्यांना राहायला देतो. चहाचं आधण ठेवायच्या आधी अ‍ॅप उघडायचं, कॅलेंडर बघायचं, परत दहाला बघायचं, परत जेवताना, आणि ह्यांना दिसू नये म्हणून ताटाशेजारी मोबाईल पालथा ठेवायचा, असा दोन आठवडे माझा कार्यक्रम चाललाय. १४ तारखेला एक जोडपं येऊन गेलं त्यानंतर दोन्ही खोल्या रिकाम्या. गेल्या फेब्रुवारीत ११ रात्री भरलेल्या, ह्या वेळी ३. वहीत लिहिलेलं आहे म्हणून माहितेय, नाहीतर मीच माझी समजूत घातली असती की फेब्रुवारी दरवर्षी असाच असतो.

भाजी घ्यायला समर्थ मंदिरापाशी गेलं की कुणीतरी विचारतंच, काय वहिनी पाव्हणे जोरात का. तोंडातनं आपोआप निघतं, हो हो चालूय की. खोटं बोलल्यावर पण कोथिंबीर तेवढीच महाग.

खरं तर चुकलं जानेवारीतच. १ ते ४ जानेवारीला शाहू स्टेडियमवर ९९ वं साहित्य संमेलन होतं ना, तेव्हा दोन्ही खोल्या चारही रात्री फुल्ल. एकात नांदेडचे सर आणि बाई, दुसऱ्यात जळगावच्या तिघी मैत्रिणी, सकाळी पोहे खाऊन जायचे ते रात्री पुस्तकांच्या पिशव्या घेऊन यायचे आणि अंगणात बसून साडेअकरापर्यंत वाद घालायचे. इतकं बरं वाटायचं घरात. जाताना नांदेडच्या बाई माझा हात धरून म्हणल्या, आता सातारला आलो की इथंच. मी त्या भरात नवा २५ लिटरचा गिझर घेतला, चार चादरींचे सेट घेतले, मागच्या खोलीत टेबल केलं. लेकाला फोन करून ऐटीत सांगितलं, आता वर्ष चांगलं जाणार. तो म्हणला, आई संमेलन दरवर्षी साताऱ्यात नसतं. तेव्हा राग आला होता.

बाथरूम बांधायला काढलेल्या कर्जाचा हप्ता ८६०० आहे, अजून तीन वर्षं. तो कापून जातो ५ तारखेला, त्याला संमेलन काय आणि शिमगा काय.

कारणं शोधायला बसलं तर ढीगभर सापडतात. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू आहेत, कोण घर सोडून फिरायला निघणार. कासचं पठार आत्ता बघितलं तर कुणाला खरं वाटणार नाही की ह्यालाच २०१२ ला युनेस्कोच्या यादीत घातलंय, सगळं वाळलेलं गवत आणि कातळ. फुलं ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात, तेवढंच. तेव्हा पण दिवसाला ३००० माणसांचीच मर्यादा, आधी ऑनलाईन पास काढायचा, म्हणजे आमची सगळी कमाई त्या पाच-सहा शनिवार-रविवारावर उभी. ठोसेघरच्या धबधब्याला पाणी नाही. दासनवमीला सज्जनगडावर माणूस मावत नव्हता पण गडावर राहायची सोय आहे, प्रसाद आहे, भक्त माझ्याकडे कशाला येईल.

आणि ह्या दिवसात सगळ्यांना हवी असते स्ट्रॉबेरी. पुण्या-मुंबईची गाडी खंबाटकी उतरली की सुरूर फाट्याला वळते, वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. सातारा त्यांच्या वाटेत येतच नाही! हायवेवर आहोत, जिल्ह्याचं गाव आहोत, आणि पाव्हणा ३५-४० किलोमीटर अलीकडनंच वळून जातो. इतक्या वर्षांत हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही, परवा नकाशा काढून बसले तेव्हा दिसलं.

शिवाय कास रोडला नवीन व्हिला झालेत. पहिला प्रश्न आता "जेवण मिळेल का" नसतो, "स्विमिंग पूल आहे का" असतो. मी एकदा वैतागून लिहिलं, पूल नाही पण कास तलावाचं पाणी नळाला येतं. त्यावर रिप्लाय आला नाही.

गेल्या सप्टेंबरला २२ तारखेपासून हॉटेलच्या खोल्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, साडेसात हजाराच्या आतल्या. मला वाटलं आता आपले दिवस. पण स्वस्त सगळ्यांचंच झालं की, माझ्या एकटीचं थोडंच. शेजारच्यानं पण गाडी धुतली म्हणजे आपली गाडी चमकत नाही.

आता जे मी करून बसले ते लिहिते, कारण हे मी ह्यांना अर्धवटच सांगितलंय.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घाबरून रेट पाडला. १८०० चे १४००, मग ११००, मग एका रात्री झोप येईना म्हणून ९००. नऊशेला लगेच बुकिंग! चार पोरं, नोंदवली होती दोन. ब्लूटूथ स्पीकर, एक दीडपर्यंत आरडाओरडा, सकाळी नवीन चादरीवर कसलातरी लाल डाग, आणि सासूबाई रात्रभर जाग्या. सगळा हिशोब केला तर धुणं, गॅस, नाश्ता, अ‍ॅपचं कमिशन जाऊन हातात चारशेच्या आतबाहेर राहिले. हे म्हणले, चारशे रुपये मी तुला दिले असते की, झोपू तरी दिलं असतंस.

दुसरा शहाणपणा लेकाचा. त्यानं पुण्यातनं अ‍ॅपवरच्या आमच्या माहितीत टाकून दिलं "महाबळेश्वरजवळ". मेढ्याच्या रस्त्यानं ५५ किलोमीटर आहे बाबा! पण मी पण गप्प बसले, म्हणलं येऊ देत. एक फॅमिली आली, म्हातारे वडील बरोबर, रात्री नऊला दारात उभे आणि विचारतात वेण्णा लेक कुठंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गरम पिठलं-भाकरी-खर्डा घातला, सकाळी थालीपीठ केलं, माणसं चांगली, काही बोलली नाहीत. रिव्ह्यूला तीन स्टार दिले, आणि लिहिलं की जेवण उत्तम पण महाबळेश्वर जवळ नाही. एक शब्द चुकीचा नाही त्यात. माझं रेटिंग ४.८६ चं ४.७९ झालं. अ‍ॅपवाले चांगल्या यजमानाला देतात तो सुपरहोस्टचा बिल्ला ठेवायला ४.८ लागतं, दर तीन महिन्यांनी तपासतात, पुढची तपासणी १ एप्रिलला. त्या एका शब्दानं बिल्ला जाणार बहुतेक. तो शब्द त्याच रात्री काढून टाकला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सासूबाईंचं एक नवीनच सुरू झालंय. मागची खोली आंब्याच्या सावलीत आहे, दुपारी पण गार असते. सोमवारी जेवण झाल्यावर विचारलं, "आज पाव्हणं न्हाईत व्हय?" म्हणलं नाहीत आई. "मग ती खुली कशापायी कुलूप घालून ठिवलीया, मी पडते जरा." पडल्या त्या चारला उठल्या. मंगळवारी तेच. बुधवारी उशी नेली स्वतःची. काल बघते तर टेबलावर, म्हणजे मी लॅपटॉपवाल्या गेस्टसाठी केलेल्या टेबलावर, त्यांची पोथी, चष्म्याची डबी, तपकिरीची डबी आणि निवडायला घेतलेले पावटे. ह्यांना म्हणलं बघा, वर्क फ्रॉम होम. हसले खूप, पण मग दोघांच्या पण लक्षात आलं की त्यांच्या स्वतःच्या खोलीवर पत्रा आहे आणि गेले तीन उन्हाळे त्या त्याच्याखाली झोपतायत आणि आम्ही पंखा मागच्या खोलीत नवीन बसवला. बोललो नाही त्यावर. हे जाऊन पेपर वाचत बसले.

दुपारी त्या तिकडे घोरत होत्या आणि मी वही घेऊन पायरीवर बसले. रोज अ‍ॅप बघते पण वही कधी मागे उलटून बघितली नव्हती. तीन वर्षांची नावं आहेत, कुठनं आले, कशाला आले, मी लिहून ठेवते कारण नावं विसरते. टिकल्या मारत गेले. मला वाटत होतं माझं गिऱ्हाईक म्हणजे पुण्याचं, कास बघायला आलेलं. ते आहेच, पण सप्टेंबर सोडला तर ते जवळजवळ नाहीच. बाकीच्या महिन्यात कोण, तर सैनिक स्कूलला पोराला भेटायला आलेले आईबाप. लातूरचे, धुळ्याचे, एकदा तर चंद्रपूरचे. १९६१ पासून शाळा आहे ती इथं, महाराष्ट्रभरातनं पोरं येतात, आणि पोराला भेटून झाल्यावर आई रात्रभर रडणार हे मला माहितेय कारण मी त्यांना चहा करून दिलाय. मग हिल मॅरेथॉनची तयारी करणारे, ते यवतेश्वर घाट पळायला येतात, त्यांना पहाटे चारला केळी आणि चहा लागतो, बास. मग बामणोलीवरनं बोटीनं वासोटा किल्ल्यावर जाणारे. मग सांगली-कोल्हापूरकडनं येणारे, ते सुरूरला वळत नाहीत, त्यांना आम्ही वाटेत पडतो. आणि लग्नाचं वऱ्हाड.

ह्यातल्या एकानं पण पूल विचारला नव्हता. आणि निम्म्याहून जास्त लोकांनी फोन केलेला, कुणीतरी कुणालातरी नंबर दिलेला. मी अ‍ॅपवर फुलांचे फोटो लावून फेब्रुवारीत फुलांच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसलीय. असं वाटलं की पाटीवर उसाचा रस लिहून आत भजी तळतेय.

रेट परत १८०० केला. नऊशेला भरलेल्या खोलीपेक्षा सासूबाई घोरतायत ते परवडलं. फुलांचे फोटो खाली ढकलले, वर अंगणाचा आत्ताचा फोटो टाकला, आंब्याला मोहोर आलाय तो, आणि मागे अजिंक्यतारा. लिहिलं की सैनिक स्कूलच्या पालकांनी यावं, उशीर झाला तरी जेवण ठेवते. मग चंद्रपूरच्या ताईंना फोन लावला. बुकिंगचं काही बोलले नाही, खरंच नाही, धीरच झाला नाही. पोरगं कसंय विचारलं. त्याच म्हणल्या आमच्या ग्रुपवर टाकते तुमचा नंबर. फोन ठेवल्यावर जरा लाज वाटली आणि जरा बरं पण वाटलं, दोन्ही एकदमच.

हे म्हणाले, "अगं फेब्रुवारीत आमची एसटी पण रिकामीच धावायची, म्हणून डेपोला टाळं लावलं का आम्ही." मी म्हणलं एसटीला हप्ता नव्हता. "होता," म्हणले, "तुला माहीत नाही." आणि मग निवृत्त माणसाचं एसटीपुराण सुरू झालं ते पाऊण तास.

हप्त्याचं मात्र कोडं आहेच. मार्चचा भिशीतनं भरणार, एप्रिलचा बघू. गेल्या वर्षी मे महिन्यात सुट्टीचं गिऱ्हाईक येणार म्हणून बसलो आणि पाऊसच आला, २६ मे ला तर मान्सून मुंबईत पोचला, शेवटचा सगळा आठवडा कॅन्सल. त्यामुळं ह्या वेळी मे धरून चालायचं नाही असं वहीत मोठ्या अक्षरात लिहिलंय. हे अजून ठरतंय पण मागच्या अंगणात आठवड्यातनं दोन दिवस डबे करून द्यायचे का, जवळच क्लासची पोरं राहतात. स्वयंपाक तर तसाही होतोच.

अ‍ॅप मी मोबाईलच्या पहिल्या पानावरनं काढून तिसऱ्या पानावर नेलं. तिथं जाऊन पण बघतेच, पण तीन वेळा कमी.

१ मार्च, रविवार

सकाळी अकराला अनोळखी नंबर. धाराशिवचे एकजण, चंद्रपूरच्या ताईंच्या ग्रुपमधले. मुलगा शाळेत आहे, मंगळवार-बुधवार दोन रात्री, आजी बरोबर आहेत, जिना चढवत नाही त्यामुळं खालची खोली मिळेल का. खालची म्हणजे ती मागचीच. रेट पण विचारला नाही. मी म्हणलं हो मिळेल की, या या.

फोन ठेवून मागं गेले. सासूबाई खाटेवर पाय पसरून बसलेल्या, खिडकीत त्यांनी तुळशीचं लहान डबडं आणून ठेवलंय, आणि भिंतीवरच्या खिळ्याला, जिथं मी कासच्या फुलांची फ्रेम लावलेली, तिथं सासऱ्यांचा फोटो. फ्रेम खाटेखाली उभी केलेली, नीट, फडक्यात गुंडाळून.

"कुणाचा फोन?" विचारलं त्यांनी.

म्हणलं, असाच.

ह्यांना आत येऊन सांगितलं तर म्हणतात तू सांग, तुझी खोली. मी म्हणलं तुम्ही सांगा, तुमची आई. आता रात्रीचे नऊ वाजलेत, अजून कुणी सांगितलेलं नाही. मंगळवारपर्यंत वेळ आहे.