दोन रेपो, एकच मोटर फोल्डर: सिंक आता नीट चालायलंय

मंडळी, मोटर कंट्रोलरचा कोड गिटमधल्या (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) दोन रेपोंत सारखा ठेवायचं, म्हणजे सिंकचं काम एकदाचं रुळाला लागलंय. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझा रेपो (प्रोजेक्टचा कोड आणि त्याची हिस्टरी) इथं बेळगावात, दोस्ताचा निपाणीला, आणि दोन्ही प्रोजेक्ट वेगळे. माझा घरच्या टाकीचा पंप, त्याची उसाच्या रानातली थ्री फेज मोटर. त्यामुळं फेज चेक करायचं, लाईट आली की थोडं थांबून मग स्टार्टर ओढायचं हे सगळं त्याच्याकडं पक्कं झालंय आणि ड्राय रन (पाणी नसताना मोटर चालू न देणं), लेव्हल सेन्सर हे माझ्याकडं. कॉमन काय तर मोटर नावाचं एक फोल्डर, माझ्यात ते सगळ्यात वर आहे, त्याच्यात लिब नावाच्या फोल्डरच्या आत. तेवढंच इकडून तिकडं जायला पाहिजे, बाकी त्याचं त्याच्याकडं माझं माझ्याकडं.

सबमॉड्यूल (एका रेपोत दुसरा रेपो जोडणं) का नाही असं बऱ्याच जणांनी विचारलं. त्याला तिसरा रेपो सांभाळावा लागतो, आणि दोस्त रानात जाताना झिप काढून पेनड्राइव्हवर नेतो, त्या झिपमध्ये सबमॉड्यूलचा कोड येतच नाही, रिकामं फोल्डर येतं. सबट्री (दुसऱ्या रेपोचा कोड आपल्या फोल्डरात मिसळून घेणं) चांगलं आहे, पण दोन्ही बाजूंनी रोज बदल होत असले की मर्ज कमिटांची (कमिट म्हणजे नोंदवलेला बदल, मर्ज कमिट दोन फाटे जोडतं) गर्दी होते आणि हिस्टरी वाचवत नाही.

म्हणून शेवटी सगळ्यात जुना रस्ता धरला, फॉरमॅट-पॅच (कमिटची पॅच, म्हणजे बदलाची फाइल, बनवणारी कमांड) आणि ॲम (तो पॅच लावणारी). २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्सनं गिट लिहिलं तेच मुळात लिनक्सच्या कर्नलसाठी, आणि कर्नलचे पॅच मेलवरून यायचे, ॲम म्हणजे मेलबॉक्समधले पॅच लावणे. पाठवताना रिलेटिव्ह फ्लॅगला मोटर फोल्डर द्यायचं म्हणजे पॅचमधले पाथ त्या फोल्डरपासून सुरू होतात, आणि तिकडं ॲमला डिरेक्टरी फ्लॅगमध्ये लिब/मोटर सांगायचं, झालं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे ऑथर आणि तारीख जशीच्या तशी राहते. स्टार्टरचं लॉजिक दोस्तानं रात्री रानात उभं राहून लिहिलंय, ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते) काढल्यावर तिथं त्याचंच नाव दिसायला पाहिजे. कमिटर म्हणून माझं नाव येतं, ते बरोबरच आहे, लावलं मी.

आता मुख्य मुद्दा. कमिटचा हॅश (आतल्या माहितीवरून काढलेला अक्षर-आकड्यांचा ठसा) दोन रेपोंत कधीच सेम येणार नाही, त्याच्या नादाला लागूच नका. त्या हॅशमध्ये पॅरेंट (आधीचं कमिट) असतो, कमिटर असतो, वेळ असते, आख्ख्या रेपोची ट्री (फाइली-फोल्डरांची यादी) असते, मग जुळणार कसा? पण फाइलच्या मजकुराचा हॅश फक्त मजकुरावरून बनतो, ती फाइल कुठल्या फोल्डरात आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, आणि फोल्डरच्या ट्रीचा हॅश आतल्या फाइलींची नावं, मोड आणि मजकूर यांवरून बनतो. म्हणजे मी माझ्याकडं रेव्ह-पार्सला (हॅश सांगणारी कमांड) हेड (म्हणजे आत्ताचं कमिट), कोलन, मोटर असं विचारलं आणि त्यानं हेड, कोलन, लिब/मोटर विचारलं, तर दोन्हीकडं चाळीस अक्षरं तीच यायला पाहिजेत. आली तर फोल्डर शंभर टक्के एकच, डिफ बघायची गरजच नाही! आता सिंक झालं की तो मला पहिली सात अक्षरं व्हॉट्सॲपवर टाकतो, मी माझी बघतो, जुळली की काम संपलं. पहिल्यांदा जुळली तेव्हा त्याचा लगेच फोन, "अरे सेम आलंय की रे!" खरंच लई भारी वाटलं.

हाच गुण ॲमच्या थ्री-वे फ्लॅगलाही कामी येतो, पॅच सरळ बसला नाही तर गिट जुना ब्लॉब (फाइलचा साठवलेला मजकूर) शोधतं आणि तो दोन्ही रेपोंत त्याच हॅशनं पडलेला असतो, फोल्डर वेगळं असलं तरी.

पण ट्री जुळली एवढ्यानं कुठलं कमिट येऊन गेलंय हे कळत नाही. त्यासाठी प्रत्येक आणलेल्या कमिटच्या मेसेजखाली ओरिजिन-कमिट म्हणून ट्रेलर (मेसेजच्या शेवटी नाव आणि माहिती असलेली ओळ) लावतो, पुढं रेपोचं नाव आणि मूळ हॅश. परत पाठवताना स्क्रिप्ट लॉगमधून ज्यांच्यावर समोरच्याचं नाव आहे ती कमिटं ग्रेप (मजकुराचा शोध) उलटा करून वगळते, नाहीतर त्याचाच पॅच फिरून त्याच्याकडं जायचा. पॅच-आयडीवर (बदलाच्या मजकुराचा हॅश) पण हे करता येतं, पण कॉन्फ्लिक्ट सोडवताना कोड बदलला की आयडी बदलतो, ट्रेलर मात्र तसाच राहतो. वेगळ्या फाइलीत यादी ठेवण्यापेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण क्लोन कुणीही केला तरी माहिती सोबत जाते.

आपल्याकडच्या लोकांसाठी दोन-तीन गोष्टी, कारण आमच्या कमिटांत मराठी आहे, थोडं कन्नड पण आहे. टायटल सगळं देवनागरीत असलं तर पॅच फाइलच्या नावात फक्त नंबर उरतो, घाबरू नका. फाइल उघडली तर सब्जेक्टच्या ओळीत कचरा दिसतो, ते मेलचं एन्कोडिंग आहे, ॲम ते परत सरळ करतं. ट्रेलरचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांतच ठेवा, देवनागरी नाव गिट ट्रेलर म्हणून धरत नाही. आणि टायटलच्या सुरुवातीला चौकटी कंसात काही लिहायची सवय असेल तर ॲम ते कापून टाकतं, कीप-नॉन-पॅच फ्लॅग द्या. दोस्त विंडोजवर आहे, त्यामुळं लाइन एंडिंग (ओळ संपल्याची खूण) गिट-ॲट्रिब्यूट्समध्ये दोघांनी एलएफ (लिनक्सची पद्धत) करून ठेवलंय, नाहीतर दिसायला फाइल तीच आणि ट्रीचा हॅश वेगळा. पॅच चॅटमध्ये पेस्ट करायचा नाही, फाइल म्हणूनच जोडायचा, पेस्ट केला की स्पेस बिघडतात.

मर्ज कमिट फॉरमॅट-पॅच उचलत नाही, म्हणून मोटर फोल्डरचं काम आम्ही दोघंही रीबेस करूनच (कमिटं एका सरळ ओळीत लावून) घेतो.

आता खानापूरचा एक जण बोअरच्या मोटरसाठी हेच फोल्डर मागतोय. तिसरा रेपो आला की माझ्यामार्फत निपाणीचं कमिट खानापूरला जाणार, तेव्हा ट्रेलरमध्ये जिथं पहिल्यांदा लिहिलं गेलं तोच हॅश ठेवायचा, मधला नाही, आणि आधीपासून ट्रेलर असेल तर स्क्रिप्टनं नवीन लावायचाच नाही. इंटरप्रेट-ट्रेलर्स या गिटच्या कमांडला इफ-एक्झिस्ट्समध्ये डू-नथिंग देऊन ते होतंय, या आठवड्यात तेच बसवतोय. कुणी तीन किंवा जास्त रेपो असे चालवत असाल तर वगळायचा नियम कसा लिहिलाय तेवढं सांगा.