आमची वाटचाल : जुना संगणक आणि तबकडी

निपाणीतील एका छोट्या गाळ्यात १९९९ साली आम्ही संगणक जुळणी व दुरुस्तीचे दुकान सुरू केले. त्या काळी आमच्या भागात संगणक घेतला जाई तो मुलांच्या शिक्षणासाठी. परंतु त्यावर लग्नाची व्हीसीडी, म्हणजे चित्रीकरण साठवलेली सीडी, दिसली पाहिजे, ही अपेक्षा प्रत्येक घरातून असे.

व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे आणि एमपेग-१ पद्धतीने दाबून बसवलेले असते. पेंटियम प्रोसेसरवर ते निभावे, त्याआधीच्या ४८६ ला मात्र हे चित्र उलगडणारे वेगळे डिकोडर कार्ड बसवल्याखेरीज झेपत नसे. एरवी तबकडीवरील ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधील डॅट फाईल मीडिया प्लेअरमध्ये उघडून दिली की काम होई. हे लोकांना घरी आठवावे म्हणून आम्ही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत चिठ्ठी लिहून देत असू.

डीव्हीडी आली तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली. विंडोज ९८ असलेल्या पेंटियम थ्रीवर चित्र अडखळते, अशी तक्रार घेऊन संकेश्वरचे एक गुरुजी आले. मी रॅम वाढवण्याचा सल्ला दिला, त्यांनी पैसे मोजले आणि चित्र पूर्वीसारखेच अडखळत राहिले. दोन दिवस शोधल्यावर ध्यानात आले की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या ‘डीएमए’ची, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेण्याच्या सोयीची, खूणच केलेली नव्हती, त्यामुळे तबकडीवरचा सारा डेटा उचलून नेण्याचे ओझे प्रोसेसरवर पडत होते आणि डीव्हीडीचे एमपेग-२ पद्धतीचे चित्र उलगडायला त्याला उसंत मिळत नव्हती. खूण करून संगणक पुन्हा सुरू केला आणि चित्र सरळ चालू लागले. रॅमचे पैसे मी गुरुजींना परत केले. त्या दिवसापासून आधी सेटिंग तपासायची, मगच सुट्या भागाचे नाव काढायचे, हा आमच्या दुकानाचा नियम झाला.

पुढे विंडोज एक्सपीत याच दुखण्याने वेगळे रूप घेतले. ओरखडे पडलेली तबकडी वाचताना वारंवार चुका झाल्या, की ती प्रणाली स्वतःहून डीएमए सोडून सारा डेटा प्रोसेसरमार्फत नेणाऱ्या जुन्या ‘पीआयओ’ पद्धतीवर येई आणि नंतर चांगली तबकडीही अडखळे. ड्राइव्ह निकामी झाला असे समजून लोक नवा मागत. ड्राइव्ह ज्या आयडीई चॅनेलला, म्हणजे जोडणीला, लावलेला असे त्याची नोंद आम्ही डिव्हाइस मॅनेजरमधून काढून संगणक पुन्हा सुरू करीत असू, आणि बहुतेक वेळा तोच ड्राइव्ह पूर्ववत चाले.

आता चिकोडी, खानापूरकडून माणसे येतात ती लग्नाच्या व्हीसीडी पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्यासाठी. डेटा सीडीवर चुका दुरुस्त करण्यासाठी जी जागा राखून ठेवलेली असते, ती व्हीसीडीत चित्रालाच दिलेली असते. त्यामुळे लहानसा ओरखडाही पडद्यावर चौकोन होऊन उमटतो आणि फाईलची नक्कल अर्ध्यावर थांबते. अशी तबकडी आम्ही मऊ कापडाने मध्याकडून कडेकडे पुसतो आणि गल्ल्याशेजारी जपून ठेवलेल्या जुन्या यंत्रावर अगदी कमी वेगाने वाचायला लावतो. तासभर लागतो, कधी त्याहून अधिक. तोवर ग्राहक बाकावर बसून पडद्यावर आपली माणसे ओळखत असतात.